वाचून दाखवले, मजकूर मान्य

नानांना मोबाइल मनातल्या मनात वाचता येत नसे. म्हणजे येत असणार, पण ते त्यांना पटत नसे. गावाच्या ग्रुपवर काही आलं की ते माझ्या दुकानाच्या बाकावर ताठ बसत, चष्म्याचा दोरा सावरत आणि तहसीलदारापुढे उभे असल्यासारखे खणखणीत आवाजात वाचायला लागत. "शुभ सकाळ. खाली गुलाबाचं फूल. फुलाखाली मजकूर: आपली माणसं कधीच विसरत नाहीत. पाठवणार, बबन. हा बबन मागच्या पोळ्याला माझा कासरा घेऊन गेल्ता, तो विसरला." समोरच्या हॉटेलात भजी खाणारा बबन हे ऐकत असे. दुसऱ्या दिवशी कासरा परत आला.

ते चित्रंसुद्धा वाचत. इमोजीला ते बाहुली म्हणत. हसणारी बाहुली, रडणारी बाहुली, चष्मा घातलेली शहाणी बाहुली. एखाद्यानं सात वेळा हात जोडलेले पाठवले की नाना सातही वेळा "हात जोडले, हात जोडले" म्हणत आणि मध्ये खोकत. त्यांचा खोकला गावाला पाठ होता. दोन आखूड आणि एक लांब. बाहेरगावचा माणूस नानांचं घर विचारायला आला की आम्ही त्याला सांगायचो, गल्लीत जाऊन उभा राहा, ऐकू येईल.

नाना म्हणजे विश्वनाथ नाना, कुंभार पिंपळगावचे अर्जनवीस. घनसावंगीला तहसीलच्या आवारात लिंबाखाली एक पत्र्याचं टेबल टाकून त्यांनी सगळा जन्म लोकांचे अर्ज लिहिले. त्यांचे वडील निजामाच्या काळात उर्दूत अर्ज लिहायचे. नानांनी मराठीत लिहिले, पण मजकूर, हुजूर, बयान, तक्रार हे शब्द वडिलांच्या दौतीतून तसेच उचलले. मग सगळं ऑनलाइन झालं. सही, अंगठा, उतारा, दाखला, सगळं. नानांच्या टेबलापुढची रांग उठून गावोगावच्या दुकानांत गेली आणि आमच्या गावातलं असं दुकान माझं होतं. त्यांचा धंदा बुडवणाऱ्यांत मी होतो, हे आधीच सांगून टाकतो.

दुकान उघडलं त्या आठवड्यात नाना आले, रस्त्यात उभं राहून त्यांनी माझी पाटी मोठ्यानं वाचली. "येथे सर्व प्रकारचे ऑनलाइन अर्ज भरून मिळतील. सर्व प्रकारचे?"

"हो नाना, सर्व."

"मंग एक भर. अर्जदाराचं टेबल रिकामं झालंय, सबब अर्जदारास बसायला जागा द्यावी."

मी बाक दाखवला. ते बसले ते नऊ वर्षं उठले नाहीत. माझं नाव गजानन, पण नानांनी मला त्या दिवसापासून 'कॉम्प्युटर' म्हणायला सुरुवात केली. "कॉम्प्युटर, चहा सांग." "कॉम्प्युटर, तुझ्या बायकोनं डबा काय दिला?" लग्नात उखाणा घेताना बायकोच्या तोंडून तेच नाव निसटता निसटता राहिलं, असं माझी बहीण अजून सांगते.

नानांचा धंद्यातला एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. अर्ज लिहून झाला की तो ज्याचा त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा. सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा. त्या माणसानं "हो, हे माझंच बोलणं हाय" म्हटलं, तरच खाली "वाचून दाखवले, मजकूर मान्य" लिहायचं आणि अंगठा घ्यायचा. पुष्कळ अर्ज या वाचनातच मरत. एकदा एक जण बांधावरून भावाविरुद्ध तक्रार लिहायला आला होता. नानांनी तो म्हणाला तसं लिहिलं आणि वाचलं, "माझा सख्खा भाऊ हा चोर, लबाड व आईला न विचारणारा असून..." तो म्हणाला, नाना, 'आईला न विचारणारा' काढा, ते खोटं हाय. नानांनी काढलं, परत वाचलं. तो म्हणाला, 'लबाड' बी काढा. नानांनी तेही काढलं. शेवटी नुसतं "माझा सख्खा भाऊ" उरलं. तो माणूस टेबलावर डोकं टेकून रडला. फाडलेल्या अर्जाची मजुरी नाना घेत नसत, चहा मात्र उकळत.

"हातानं लिहिताना माणूस शूर असतो," ते म्हणायचे. "कानानं ऐकताना खरा कळतो."

असल्या माणसाच्या हातात सुनेनं मोबाइल दिला. सून जालन्यात मस्तगडला राहायची, सासऱ्याचं मन रमावं हा तिचा शुद्ध हेतू. मन रमलं, पण गावाचं. नानांनी एक वही घातली आणि तिच्यात मोबाइलवरच्या शब्दांचे अर्थ लिहायला घेतले. मला विचारून विचारून, पण अर्थ स्वतःचाच. 'भावी: जो कधीच होणार न्हाई तो.' 'ओके: वाचलं, पटलं न्हाई, वाद घालायचा न्हाई.' नुसता अंगठा: 'आता बस कर.' 'नंतर बोलू: बोलणार न्हाई.' 'विषय हार्ड' यावर ते तीन दिवस अडले होते. "विषय कोणता ते सांगत न्हाईत, अन् हार्ड हाय म्हणतात. अवघड असंल तर सोपा करून सांगा ना." शेवटी त्यांनी समोर लिहिलं: 'बोलायला काही नसल्यास वापरावे.'

वाढदिवसाच्या शुभेच्छांवर त्यांचा विशेष लोभ. आमच्याकडे एखाद्याच्या वाढदिवसाला त्याचा फोटो स्टेटसला ठेवला नाही तर वर्षभर अबोला राहतो, हे कुणाला खोटं वाटेल, पण चुलत भाऊ एकमेकांच्या लग्नाला गेले नाहीत या कारणावरून. नाना त्या शुभेच्छा वाचत. "दिलदार मनाचा राजा माणूस, युवकांच्या गळ्यातला ताईत, भावी सरपंच उत्तमभाऊ. ह्या उत्तमची पाण्याची मोटार दुरुस्तीला टाकून पंधरा दिवस झाले, आणायला राजाला टाइम न्हाई. माय डोक्यावर पाणी आणती." रस्त्यानं उत्तमची आई हंडा घेऊन चाललेली असायची आणि तिला हसू आवरायचं नाही.

आता माझ्याबद्दल. मी चारचौघांत साधा माणूस होतो, अजूनही आहे. पण मोबाइलवर माझं दुसरं एक खातं होतं, नाव 'पिंपळगावचा पिसाट'. ते माझं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी व्हिडिओ कापायचो, जोडायचो, वर चावट ओळ टाकायचो. चारशे-पाचशे लोक हसायचे. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज भरणाऱ्या माणसाला एवढीच काय ती स्वतःची जागा होती आणि मला तिचा गर्व होता.

कौशल्यामावशी आमच्या गल्लीच्या टोकाला राहायच्या. एक म्हैस, तिचं नाव चंद्री, आणि पाच घरी दुधाचा रतीब. मुलगा-सून पुण्याकडे कामाला. नात पूनम मावशींच्याच हाताखाली वाढलेली, ती जालन्याला नर्सिंग शिकायला गेली. आजी दिसावी म्हणून तिनं आजीच्या नावानं मोबाइलवर एक पान उघडून दिलं होतं. मावशी त्यावर दर दोन दिवसांनी बोलायच्या. आज चंद्रीनं लाथ मारली, आज ठेच्याला मिरची तिखट निघाली, पूनम तू जेवलीस का. होस्टेलच्या दहावीस पोरी ते बघत आणि त्यांनाही आजी झाल्यासारखं वाटे.

मग चंद्री पोट फुगून मेली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मावशींनी त्याच दिवशी मोबाइलपुढे बसून सांगितलं, "पूनम माय, म्हैस गेली माझी. आता सकाळी उठून मी काय करू?" एवढंच. पदर तोंडाला लावला आणि व्हिडिओ संपला.

मी तो बघितला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वाईट वाटता वाटता माझ्या डोक्यात दुसरंच चालू झालं. दिवाळीत गावचा संघ क्रिकेटचा शेवटचा सामना हरला होता, आमचा कप्तान शून्यावर त्रिफळा उडून परतला होता आणि मी ते मोबाइलवर घेतलं होतं. मी दांडी उडण्याचा तुकडा घेतला आणि त्याला लगेच मावशींचं "म्हैस गेली माझी" जोडलं. मागे ढोल टाकला. पंधरा मिनिटांचं काम होतं आणि खरं सांगतो, जोड अशी बेमालूम बसली की मी एकटाच दुकानात पोट धरून हसलो.

दोन दिवसांत तो सगळ्या तालुक्यात फिरला. नंतर जिल्ह्यात. बारावीत नापास झालेला मुलगा म्हणे, म्हैस गेली. पोरगी बघायला जाऊन नकार घेऊन आलेले म्हणत, म्हैस गेली. एसटी चुकली, म्हैस गेली. धावड्याच्या एका गिऱ्हाइकानं माझ्यासमोर मोबाइल आपटला आणि काच फुटल्यावर तेच म्हणाला. भोकरदन तालुक्यातलं ते गाव कुठं आणि आमची गल्ली कुठं. त्या आठवड्यात मला असं वाटत होतं की आपण मराठी भाषेला एक शब्द दिला. हे मी आज लिहितोय आणि माझे कान तापलेत.

मावशी पहिल्या दिवशी हसल्या. पिठाच्या गिरणीपुढे पोरांनी "मावशी, म्हैस गेली का?" विचारलं तेव्हा त्यांना वाटलं, पोरं विचारपूस करताहेत. "गेली रे बाबांनो," त्या म्हणाल्या आणि पोरं जमिनीवर लोळली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यानंतर त्या बाजाराला आल्या नाहीत. दळण शेजारणीकडून करून घेऊ लागल्या. पण खरा घाव दुसरीकडून बसला. होस्टेलात पूनमलाही पोरी तेच म्हणू लागल्या होत्या. तिनं चिडून आजीचं पान बंद केलं आणि फोनवर सांगितलं, आजी, आता व्हिडिओ नको पाठवूस. तिनं ते आजीच्या काळजीनं सांगितलं असेल. मावशींनी त्याचा अर्थ असा घेतला की नातीला आपली लाज वाटते. फोनवरही मग त्या हो-नाहीपुरत्याच बोलू लागल्या.

एका सकाळी त्या माझ्या दुकानी आल्या. माझ्याकडे नाही, बाकावर नानांकडे.

"नाना, अर्ज लिहायचाय."

किती वर्षांनी कुणीतरी हे म्हणालं होतं. नानांनी खिशातला पेन काढला, माझ्याकडून कोरा कागद घेतला. "बोल कौसा."

"माझा आवाज मला वापस पाहिजे. त्या मोबाइलवाल्याला सांगा, माझी म्ह..." त्या थांबल्या. "माझं जनावर मेल्तं. मी माझ्या नातीशी बोलल्ते. गावाशी न्हाई."

नानांनी 'प्रति' लिहिलं, स्वल्पविराम दिला आणि त्यांचा पेन थांबला. प्रति कोण? तहसीलदार नाही, ठाणेदार नाही. मी संगणकात डोकं घालून बसलो होतो आणि कळफलकावर उगाच काहीतरी बडवत होतो. नानांना खोकला आला, दोन आखूड, एक लांब. मग ते म्हणाले, "कॉम्प्युटर, त्या व्हिडिओखाली जे जे लिहिलंय, ते कागदावर काढ. गावच्यांचं तेवढं काढ. बाहेरच्यांना माझे पाय पुरत न्हाईत."

"नाना, प्रिंटर बिघडलाय."

"आत्ताच तर पाटलाचा सातबारा काढलास."

मी काढलं. गावचे अडतीस निघाले. नानांनी प्रत्येकाला एक पान दिलं, लाल पेनानं कोपऱ्यात आकडे टाकले, दोनपासून एकोणचाळीसपर्यंत. एक नंबरचं पान कोरंच ठेवलं. "ते ज्यानं पहिल्यांदा जोडलं त्याचं. सापडंल." मग उठले आणि म्हणाले, "चल. कागद उचल."

"मी कशाला?"

"माझा गुडघा दुखतो. अन् तुझ्या दुकानाचा कागद हाय, तूच साक्षीदार."

अशी आमची वरात निघाली. नाना दारात उभे राहायचे, सगळ्या घराला बाहेर बोलवायचे आणि वाचायचे. पहिला उत्तमभाऊ, भावी सरपंच. त्याची आई ओट्यावर तूर निवडत होती. नानांनी कागद डोळ्यांपुढे धरला. "नंबर दोन. उत्तम लिहितो: मावशी रॉक्स, म्हैस गेली, विषय एंड. पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या तीन बाहुल्या. उत्तम, हे तुझंच बोलणं हाय का?"

"नाना, ते मजेत हो."

"मजेत, असं लिहिलेलं न्हाई. लिहायचं का?"

त्याच्या आईनं विचारलं, "कोणाची म्हैस?"

"कौसाची."

तिनं सूप खाली ठेवलं. "व्याली की चिकाचा तांब्या पहिल्यांदा आपल्या घरी यायचा रे. तू खरवस खाऊन खाऊन गोरा झालास, अन् आता..." उत्तमनं मान खाली घालून 'वाचून दाखवले, मजकूर मान्य' याखाली सही केली आणि आमच्यादेखत कमेंट काढून टाकली. मी कागद घडी करून पिशवीत घातला.

शाळेतले एक गुरुजी म्हणाले, "मी एक अक्षरही लिहिलेलं नाही. फक्त ते हसरं चिन्ह."

"बिलकुल बराबर," नाना म्हणाले. "नंबर अकरा. गुरुजींची एक बाहुली, दात दाखवणारी. बाहुलीवर सही करा." गुरुजींनी केली, पण त्याआधी आजूबाजूला विद्यार्थी नाहीत ना, ते पाहिलं.

सगळेच वरमले असं नाही. गॅरेजवाला शिवा वाचन ऐकून खदाखदा हसला, म्हणाला, "नाना, लाइट घ्या हो," ऐटीत सही ठोकली आणि नानांबरोबर फोटो काढून तोच स्टेटसला ठेवला. नानांनी त्याच्या पानावर शेरा मारला: 'ऐकले, कानात गेले नाही.' दोघांनी दारच उघडलं नाही. नानांनी बंद दारापुढे वाचलं आणि सहीच्या जागी 'दार' असं लिहिलं. एका घरी सासूचीच कमेंट निघाली आणि सुनेनं नानांना बसवून पोहे खाऊ घातले.

चार दिवस आम्ही फिरलो. नाना शहात्तर वर्षांचे, गुडघा सुजलेला, दोन घरांनंतर कुठंतरी टेकायचे. प्रत्येक दारात वाचन झालं की माझ्याकडे बघत. मला वाटे, पुढचं पान मागताहेत. मी पान देत होतो. प्रत्येक घरात मला वाटायचं की आता बोलावं आणि प्रत्येक घरात मी म्हणायचो, पुढच्या घरी.

चौथ्या दिवशी दुपारी एकोणचाळीस नंबर झाला. दुकानात येऊन नाना बाकावर बसले आणि त्यांनी कोरं पान माझ्या टेबलावर ठेवलं.

"आता एक नंबर."

"नाना, ते खोट्या नावाचं खातं हाय. असं कुणाला सापडत नसतंय."

नानांनी मोबाइल काढला, तो व्हिडिओ लावला आणि माझ्या कानाला धरला. दांडी उडायच्या आधी, ढोल सुरू व्हायच्या आधी, अगदी बारीक ऐकू येत होतं. दोन आखूड. एक लांब. सामन्याच्या दिवशी नाना माझ्याच शेजारी बसले होते. मी शंभर वेळा तो व्हिडिओ पाहिला होता आणि नऊ वर्षं रोज ऐकलेला तो खोकला मला ऐकूच आला नव्हता.

"तुमाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"माझाच खोकला मला वळखू येणार न्हाई का?" ते गुडघा चोळत म्हणाले. "मला वाटलं, दुसऱ्या-तिसऱ्या घरी बोलशील. लई फिरवलंस रे म्हाताऱ्याला."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नाना रागावले असते तर मी काहीतरी सबब सांगितली असती. ते रागावले नाहीत, त्यांनी चहा सांगितला. मग म्हणाले, "तुझं मी वाचणार न्हाई. तुझं तू वाच. अन् दारात न्हाई. तिच्यापुढं."

मी गेलो. मावशींच्या अंगणात खुंटा तसाच होता, दावं गुंडाळून त्यावर ठेवलेलं. वाचायला माझ्याजवळ काहीच नव्हतं, कारण त्या व्हिडिओत माझा एकही शब्द नव्हता, सगळे त्यांचेच होते. म्हणून मी जे केलं ते सांगितलं. कुठून कापलं, कशाला जोडलं, एकटाच कसा हसलो, तेही.

"तूच व्हय," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, कुणी लांबचा असंल."

तेवढं एक वाक्य. त्यांनी मला माफ केलं का, ते मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मी खातं मोडलं. व्हिडिओ काढला, पण त्याच्या नकला फिरतच होत्या. पूनमला फोन करून सगळं सांगितलं. तिनं मला ज्या शिव्या दिल्या त्या नानांच्या वहीत नव्हत्या. पुढच्या रविवारी ती गावी आली आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मावशी हळूहळू बाजाराला येऊ लागल्या. मोबाइलवरही नातीपुरतं बोलू लागल्या. पण तो एक शब्द त्यांच्या तोंडून गेला तो गेलाच. "आपली ती होती तवा," असं म्हणायच्या. "जनावर" म्हणायच्या. शेजारची व्याली तरी "तिच्या घरी झालं" म्हणायच्या. मी समोर असलो की मला ते बरोबर ऐकू यायचं.

नाना मागच्या माघात गेले. चार दिवस बाकावर आले नाहीत, पाचव्या दिवशी खोकला थांबला. ग्रुपवर सकाळपासून रीघ लागली. भावपूर्ण श्रद्धांजली, हात जोडले, हात जोडले. शिवानं तो दोघांचा फोटो परत टाकला. उत्तमभाऊनं "गावाचं कधीही भरून न निघणारं नुकसान" लिहिलं. नाना असते तर त्यांनी एकेक वाचून काढलं असतं. बाक रिकामा होता आणि ते सगळं मला मनातल्या मनात वाचावं लागलं.

मीही लिहायला बसलो. तासभर खपून चांगला लांबलचक मजकूर तयार केला. पण पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबवेना. मोबाइल घेऊन मी मावशींकडे गेलो. त्या चुलीपाशी होत्या. म्हटलं, मावशी, नानांवर लिहिलंय, वाचून दाखवायचंय.

"वाच."

मी मोठ्यानं वाचलं. "कायद्याचा चालताबोलता ग्रंथ, गोरगरिबांचा कैवारी..."

"हे काढ," मावशी म्हणाल्या. "तो कुठं असा होता."

मी काढलं. "ज्यांच्या शब्दाला तालुक्यात वजन होतं..."

"टेबल उठलं तवा कोण आलं न्हाई त्याच्याकडं. काढ."

"आम्हां तरुणांचे मार्गदर्शक..."

त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी तेही काढलं. आणखी दोन-तीन ओळी होत्या, त्या मी वाचता वाचता स्वतःच पुसल्या. ऐकताना त्या माझ्याच मला खोट्या वाटत होत्या. शेवटी मोबाइलवर जे राहिलं ते मी वाचलं.

"नाना गेले."

मावशींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"माझी म्हैस गेली तवा मी बी एवढंच बोलल्ते," त्या म्हणाल्या. "बराबर हाय. टाक."